रांजणाचं झाकण कुणी लावलं?

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या आईच्या रांजणावर ओणवा झाला होता, आणि मी त्याच्या पाठीत छत्री घातली.

घातली म्हणजे घातलीच. उगाच दाखवायला नाही. मला राग लवकर येतो आणि आलेला लवकर जात नाही. मोक्पोच्या बंदरावर बोटींच्या तिकीट खिडकीत बसते मी. धुकं पडलं की बोटी रद्द होतात आणि माणसं माझ्यावर ओरडतात, जसं काही ते धुकं मीच घरून डब्यात भरून आणलंय. दिवसभर हसून माफी मागायची, आणि तो सगळा राग संध्याकाळी डोंगराची चढण चढताना सोबत घरी आणायचा. त्या दिवशी वाऱ्यामुळे बोटी दुपारीच बंद पडल्या. समुद्राकडून एक काळाकुट्ट ढग येताना दिसला. रांजण! आत आईने घातलेला सोया सॉस. सकाळी त्याला ऊन दाखवायला झाकण काढून आले होते, तो तसाच उघडा होता.

मी धावत सुटले. एकशे चाळीस पायऱ्या, मग इमारतीचे तीन मजले, मग गच्ची. थेंब सुरू झाले होते. आणि तिथे हा बाबा — निळा रेनकोट, रबरी चपला, हातात आईच्या रांजणाचं झाकण.

"चोर!"

"आई गं! अहो — अहो, चोरत नाहीये, झाकतोय!"

"झाकण खाली ठेवा आधी!"

"खाली ठेवलं तर पाऊस आत जाईल. वर ठेवू?"

मी थांबले. त्याने झाकण अलगद बसवलं, बाहीने त्यावरचं पाणी पुसलं, आणि वळून पाठ चोळत म्हणाला, "हं, झालं. आता मारा."

"कोण तुम्ही?"

"दोनशे दोन. म्योंग दोहान. मार्चमध्ये आलो राहायला. आणि तुम्ही तीनशे एक. सकाळी रांजण उघडून आकाशाकडे ढुंकूनही न बघता निघून जाणाऱ्या."

"बघते मी आकाश!"

"मग आकाश तुम्हाला फसवतं. हा चौथा पाऊस."

"चौथा म्हणजे?"

"म्हणजे याआधी तीनदा मीच झाकलं..." तो सहज बोलून गेला आणि एक पाऊल मागे सरकला. माझा चेहरा बघून सरकला असेल.

कारण ते तीन पाऊस मला ठाऊक होते. तिन्ही वेळा मी जीव मुठीत धरून धावत आले होते आणि तिन्ही वेळा रांजण नीट झाकलेला होता. पहिल्यांदा वाटलं, मीच विसरले असेन. दुसऱ्यांदा मात्र मी गुडघ्यांवर बसले. आई नोव्हेंबरात गेली. कशी गेली ते सांगण्यासारखं काही नाही, सकाळी भाजी चिरत होती आणि दुपारी नव्हती. ऑफिसने पाच दिवसांची रजा दिली. जन्मभराच्या आईचे पाच दिवस! सहाव्या दिवसापासून सगळे सांगायला लागले, सावर, काळ हेच औषध. काळ, डोंबलाचा! आणि मग एप्रिलमध्ये हे झाकण आपोआप लागायला लागलं. मी कुणाला बोलले नाही. मला वाटलं... काय वाटलं असेल ते तुम्हाला कळलंच. वेडी म्हणा हवं तर.

आणि ते सगळं या रबरी चपलांनी केलं होतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" मी छत्री रांजणाकडे रोखली. "आणि हे काय? आईचा कागदी मोजा सुलटा कुणी चिकटवला?"

रांजणाच्या पोटावर पांढऱ्या कागदाचा मोजा चिकटवायचा असतो, बोटं वर, टाच खाली करून, नजर लागू नये म्हणून. आईने तो स्वतःचं पाऊल कागदावर ठेवून कापला होता.

"निघाला होता तो. भाताच्या खळीने लावला मी. उलटा असतो का? आमची आजी लावतच नसे."

"उलटा असतो!" मी ओरडले आणि खाली निघून गेले. जिन्यातच रडू फुटलं. माझी आई दुसऱ्यांदा गेली होती, आणि यावेळी तिला नेणारा वर गच्चीवर पाठ चोळत होता.

दुसऱ्या दिवशी दारात एक पिशवी होती. आत एक जाड टॉवेल, त्यात बर्फाचा तुकडा, आणि चिठ्ठी — 'तीनशे एक, मारताना तुमचं मनगट दुखावलं असेल. मोजा उलटा केला आहे. २०२.'

अंगाचा तिळपापड झाला माझा. मनगट खरंच दुखत होतं, म्हणून तर जास्तच.

घरमालकीण मालसुन आजी पायरीवर लसूण सोलत बसली होती. ऐंशीची आहे, पण नजर घारीची. "चांगला पोरगा आहे," ती म्हणाली. "बर्फाच्या कारखान्यात पहाटेची पाळी. बोटींना बर्फ भरतो, अकरापर्यंत घरी येतो. तू दिवसभर खिडकीत, तो दिवसभर घरात. रांजण त्याच्यावर सोपव की."

"परक्या माणसावर?"

"मग काचेचं झाकण आण. आजकाल सगळ्या आणतात. ऊन आत, पाऊस बाहेर."

"आईने कधी काचेचं वापरलं नाही."

"तुझी आई खायची तरी त्यातलं! तू चमचाभर काढला नाहीस सहा महिन्यांत. असाच ठेवलास तर आटून तळाला मीठ उरेल नुसतं, पोरी."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. लाकडी पळीला मी लाल दोरा बांधला होता, सोया कुठवर आहे ते बघायला. दर रविवारी पळी बुडवायची. दर रविवारी तो दोऱ्याच्या थोडा खाली असायचा. आईने मागच्या वर्षी घातलेला शेवटचा सोया. तिच्या हातचं आता जगात दुसरं काही उरलं नव्हतं, आणि करायचं कसं ते मला येत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नाही. खाऊन संपवू? कशासाठी? एका सूपासाठी?

पण झाकणाचा प्रश्न होताच. तीन दिवस नाक वर करून फिरल्यावर मी दोनशे दोनचं दार वाजवलं.

"हे बघा. मी खिडकीतून फोनवर निरोप पाठवीन. ऊन आहे म्हटलं की उघडायचं. ढग आला की झाकायचं. बोट आत घालायचं नाही. चव घ्यायची नाही. मोज्याला हात लावायचा नाही."

"श्वास घेतला तर चालेल?"

"लांबून."

तो हसला. त्याला हसताना एका गालावरच खळी पडते, दुसरा गाल गंभीर राहतो. इतकं लक्ष देऊन बघायचं मला काही कारण नव्हतं.

मग ते निरोप सुरू झाले. मी लिहायची, 'ऊन आहे.' तो लिहायचा, 'उघडलं.' मी: 'ढग?' तो: 'एक आहे. माझ्याकडे बघत नाहीये.' एकदा लिहिलं, 'दोन ढग. एकमेकांशी बोलणं बंद. तुमच्या-माझ्यासारखं.' खिडकीसमोर रद्द बोटीचा एक आजोबा तावातावाने बोलत होता आणि मला हसू आवरेना. आजोबा आणखी भडकले. मला चक्क दटावलं त्यांनी, आणि तो सगळा राग मी दोनशे दोनवर काढायचं ठरवून घरी आले, तर तो गच्चीवर एका वाटीत भात खात बसला होता. वर तळलेलं अंडं, आणि अंड्यावर एका मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीतून काळे थेंब.

"दुकानचा?" मी नाक मुरडलं.

"आजीचा. बेटावरची ती. मला तिनेच वाढवलं." त्याने बाटली वर धरली. अर्धी उरली होती. "जाऊन दोन वर्षं झाली."

"आणि तुम्ही तो रोज खाता?"

"रोज. एक अंडं, सात थेंब."

"संपेल ना तो!"

"संपणारच. खाण्यासाठीच केलाय तिने."

मला इतका राग आला! कसला दगड माणूस आहे हा. दोन वर्षांत निम्मी आजी खाऊन टाकली, आणि वर बसून मजेत ओठ पुसतोय. "प्रेम नव्हतं वाटतं फारसं," मी बोलून गेले.

तो रागावला नाही. वाटीतलं अंडं चमच्याने दुमडलं, म्हणाला, "रोज ती माझ्यासोबत जेवते. तुमची आई जेवते का तुमच्यासोबत?"

मी तिथून उठले. उठता उठता आईच्या रांजणाचं झाकण तपासायला गेले, ते हातातून सटकलं आणि बोटावर आदळलं. ओरडलेसुद्धा नाही, इतकी कळ आली. तो आला आणि काही न बोलता माझं बोट आपल्या तळव्यात मिटून घेतलं. बर्फ उचलून उचलून त्याचे हात कायमचे गार झालेत. गार, खडबडीत, आणि अजिबात न हलणारे...

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"तुमच्यामुळे."

"हो," तो म्हणाला, "माझ्यामुळेच." बोट मात्र सोडलं नाही. मीही ओढून घेतलं नाही, हे कबूल करते.

मे असा गेला. जून लागला. आणि मग एका गुरुवारपासून त्याच्या निरोपांतले ढग नाहीसे झाले. 'उघडलं.' 'झाकलं.' बस्स. मी लिहिलं, 'ढग?' उत्तर आलं, 'नाही.' मी लिहिलं, 'बर्फ वितळला का?' उत्तरच नाही. जिन्यात भेटला तर मान खाली. अच्छा! म्हणजे कंटाळा आला साहेबांना. मी कोण, तीनशे एक. एका रांजणाची चिडकी मालकीण. तीन दिवस मी बंदरावर सगळ्यांवर इतकी हसले की गाल दुखायला लागले, आणि घरी येऊन भांडी आपटली.

रविवारी सकाळी मी पळी घेऊन गच्चीवर गेले. झाकण काढलं, पळी बुडवली, बाहेर काढली.

सोया लाल दोऱ्याच्या वर होता.

चांगला बोटभर वर. मी पुन्हा बुडवली. पुन्हा तेच. सोया कधी वाढत नाही. जगात कुठेही, कुणाच्याही गच्चीवर, रांजणातला सोया आपोआप वाढत नाही, आणि आता मी आपोआप काही होतं यावर विश्वास ठेवणारी राहिले नव्हते.

"दोनशे दोन!" मी कठड्यावरून ओरडले. "वर या!"

तो आला. रविवारची सुट्टी, घरीच होता. बघितल्याबरोबर त्याला कळलं.

"गुरुवारी," तो म्हणाला, "दुसऱ्या माणसाची पाळीही मीच केली होती. घरी आलो, तुमचा निरोप होता, ऊन आहे म्हणून. उघडलं. आणि जरा टेकलो... डोळा लागला. पत्र्यावर आवाज झाला तेव्हा जाग आली. धावलो. पण आत गेला होता पाऊस. बराच."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"पाणी गेलं की बुरशी धरते. सगळा नासला असता. आजी म्हणायची, असं झालं तर जुना, खारट सोया ओतायचा, मग सावरतो. दुकानचा आणला होता मी. बाटलीचं झाकणही फिरवलं. पण तुमच्या आईच्यात दुकानचा... हात धजेना."

"मग काय ओतलंत?"

त्याने खाली, आपल्या घराच्या दिशेने पाहिलं. सांगायची गरजच नव्हती.

मग मात्र माझा तोल सुटला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. माझ्या आईचा शेवटचा सोया! आधी पावसात घातला, मग त्यात कुठल्या बेटावरच्या परक्या बाईच्या हातचं ओतलं! आता आईचं काय उरलं त्यात? आता कुठला थेंब तिचा आणि कुठला नाही, ते कोण सांगणार? मी विश्वास ठेवला होता. कुणावरच ठेवत नाही मी, आणि ठेवला तो नेमका अशा माणसावर, ज्याला भर दुपारी झोप लागते!

"परकी नाही हो," तो एवढंच म्हणाला, हळू. "माझी आजी आहे."

"अगं, काय बाजार मांडलाय सकाळी सकाळी?" मालसुन आजी धुण्याची बादली घेऊन वर आली होती. काय झालं ते अर्धं तिने खालूनच ऐकलं असणार. मी अडवायच्या आत तिने करंगळी रांजणात बुडवली आणि जिभेवर ठेवली.

"आजी!"

"थांब." तिने डोळे मिटले. तोंड हलवलं. पुन्हा बुडवली. "नासलेला नाही. छान बसलाय. हा तुझ्या आईचा, हा गोडसर आहे ना, तो. आणि मागून येतंय ते बेटावरचं मीठ. दुसऱ्या घरचा आहे, पण हात चांगला होता बाईचा." मग तिने डोळे उघडले आणि खदखदून हसली. "अगं बाई! तुमच्या घरच्यांनी आधीच उरकून घेतलं की! लग्न लागलं रांजणात, आणि तुम्ही दोघं इथे मानपानावरून भांडताय!"

माझे कान तापले. दोहान बादलीतल्या धुण्याकडे बघत राहिला, जणू त्यात त्याचा शर्ट हरवला होता. आजी धुणं तसंच टाकून, हसत हसत खाली गेली.

आम्ही दोघंच उरलो. आणि तेव्हा, इतका आरडाओरडा करून झाल्यावर, मला एक साधा प्रश्न सुचला. आधी सुचायला हवा होता.

"तुमच्याकडे किती राहिला?"

"काय?"

"आजीचा. तुमच्याकडे किती राहिला?"

"बाटली आहे."

"बाटली नाही विचारली मी."

"...बाटलीच आहे," तो म्हणाला. "धुतली नाही अजून. वास आहे तिला थोडा."

तीन दिवस. तीन दिवस हा माणूस कोरडं अंडं खात होता आणि मला मान खाली घालून 'उघडलं, झाकलं' लिहीत होता.

"तुला काही अक्कल आहे का?" मी ओरडले. "सगळा ओतलास? सगळा? कुणी सांगितलं होतं? विचारायचं नाही? सात सात थेंब मोजून खाणारा माणूस तू, आणि माझ्या रांजणात अख्खी आजी ओतून मोकळा झालास? मी काय केलं होतं रे तुझ्यासाठी? छत्री मारली होती!"

"तू म्हणालीस," तो म्हणाला.

"काय?"

"आत्ता. मला 'तू' म्हणालीस."

"रागात म्हणाले!"

"रागात तरी म्हणालीस." गालावरची ती एकच खळी उमटू पाहत होती, पण डोळे भरलेले होते. "ऐक. पहिल्यांदा झाकण लावलं ते सोया भिजू नये म्हणून. आजीच्या हाताखाली वाढलेला मी, उघडा रांजण बघवत नाही. पण दुसऱ्यांदा... दुसऱ्यांदा तू वर आलीस, तेव्हा मी जिन्यातच होतो. तू रांजणासमोर गुडघे टेकलेस. 'आई, आलीस ना,' म्हणालीस. मग मला सांगवेना. आई नव्हती, मी होतो, असं कसं सांगणार कुणाला? ठरवलं, झाकत राहायचं, दिसायचं नाही. त्या दिवशी तू लवकर आलीस, नाहीतर कधीच कळलं नसतं तुला. तुझी आई मी चोरली नाही, बोराम. जमेल तेवढे दिवस राहू दिली."

माझं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तोवर मी तीनशे एक होते.

मी खाली गेले. भात कालचा होता, गरम केला. दोन अंडी तळली, एकाची कड जळली. दोन वाट्या घेऊन वर आले, पळीने रांजणातून सोया काढला आणि सात-सात थेंब दोन्ही वाट्यांत टाकले. मोजताना चुकले, माझ्यात बहुधा नऊ पडले.

मग खाल्लं.

आधी नुसतं खारट. मग ते गोडसर, जे मी लहानपणापासून इतकं खाल्लं होतं की त्याला चव असते हेच विसरले होते. आई माझ्याकडे पाठ करून गॅसपाशी उभी आहे आणि म्हणतेय, आधी हात धू. आणि त्याच्या मागून आणखी कुणीतरी. ओळखीचं नाही, पण आपल्यासाठी सरकून बसल्यासारखं.

"सहा महिने!" मी म्हणाले. आता राग कुणावर होता कोण जाणे, पण होता. "सहा महिने ती इथे वर बसून होती आणि मी तिला एकदाही जेवायला बोलावलं नाही! सगळे सांगत होते सावर, सावर. एकानेही सांगितलं नाही की खा!"

"मी सांगितलं होतं."

"तुझं कोण ऐकतंय!"

तो हसला, मग मीही हसले, रडत रडतच. वाटी खाली ठेवली आणि हात पुढे केला. "बाटली आण."

"कुठली?"

"आजीची. न धुतलेली."

त्याने आणली. मी रांजणापाशी बसले आणि पळीने भरायला लागले, एक एक पळी, सांडू न देता. बाटली पूर्वी होती तेवढी, अर्धी भरली. लाल दोऱ्याकडे बघितलंच नाही. मग वाटलं, अर्धीच का? आणखी भरली, गळ्यापर्यंत.

"अगं, पुरे," तो म्हणाला. "इतका देऊन तुझा किती राहील?"

"खाण्यासाठीच केलाय. आणि पुढच्या वर्षी घालायचा आहे नवा, याच्यावरच. तुझ्या आजीच्या हाताखाली काय काय शिकलास ते सगळं आठवून ठेव. मला काही येत नाही, आणि मी चिडते."

"म्हणजे पुढच्या वर्षीही मी—"

"झाकण कोण लावणार मग?"

तो माझ्या शेजारी बसला. त्याचा गार हात माझ्या पळीवरच्या हातावर आला आणि तिथेच राहिला. मी अजून रांजणावर वाकलेली होते, आणि नाकाच्या शेंड्यावरून आसवांचा एक थेंब आता पडतो की मग, असा लोंबत होता.

"मागे हो," दोहान घाबरून म्हणाला. "आत पाणी पडेल. नासेल."

"पडू दे," मी म्हणाले. "खारट आहे. चालतं."